दुहेरी गाठ

सोमवार, ७ ऑक्टोबर

गंगेत घोडं न्हालं एकदाचं! ठकी नि मी, दोन ट्रंका, एक बादली आणि जाऊबाईंचा आशीर्वाद की महिनाभरात तोंड घेऊन परत याल. परत गेले तर नाव नाही लावणार. हे गेल्यापासून त्या घरात मी ताटाखालचं मांजर झाले होते. थोरल्या दिरांनी तर बजावूनच ठेवलंय की वर्षअखेरपर्यंत स्वतःचं छप्पर दाखव, नाहीतर मुलगी आमच्याकडे राहील. मुलगी हां, मी नाही. म्हटलं, दाखवते छप्पर. चांगलं कौलारू, समुद्रातलं.

मला नोकरी मिळाली ते समुद्रजीवांचं केंद्र खडकावर आहे, किनाऱ्यापासून तिथपर्यंत दगडी बांध. ओहोटीला त्यावरून चालायचं. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि दोन्ही बाजूंनी अशी ओढ लागते म्हणे, की पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. शेवाळ तर विचारू नका. ठकीच्या बुटाची नाडी शंभर पावलांत तीनदा सुटली. शेवटी तिथेच बसून तिला दुहेरी गाठ शिकवली. एक फास, दुसरा फास, वरून पुन्हा एक. अकरा वर्षांची पोर, पण हात बापाचे आहेत, एकदा दाखवलं की झालं.

इथे माणसं तीनच. बाई, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, दार भरून उभ्या होत्या. त्यांचे यजमान, त्यांना सगळे साहेब म्हणतात, त्यांच्या मागे अर्धे दिसत होते. आणि पंपकाका, पाण्याचे पंप सांभाळणारे, साठीचे, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेले, ओठांतल्या ओठांत बोलणारे. बाईंनी पाणी विचारायच्या आधी आम्हाला खाद्याच्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. मी एकोणपन्नास, ठकी एकतीस. अर्जातही वजन विचारलं होतंच. मला वाटलं पोहण्याच्या कपड्यांसाठी असेल. एकोणपन्नास ऐकून बाई इतक्या खूश झाल्या, की मी कांद्याचं पोतं असते तर तिथेच विकली गेले असते.

खोली वरच्या मजल्यावर, खिडकी समुद्राकडे. ठकी पलंगावर उड्या मारतेय. जीव भांड्यात पडला.

गुरुवार, १० ऑक्टोबर

काम समजलं. सकाळी पाणी आत घेणाऱ्या नळाची जाळी साफ करायची, मग कोळंबी बारीक चिरून खाद्य करायचं, मग टाकीची काच पुसायची. टाकी तळमजल्यावर, गोल, आमच्या जुन्या स्वयंपाकघराएवढी. आत जिवंत प्रवाळ आणि मधोमध एक समुद्रफूल. फूल कसलं, प्राणीच तो. बोटांसारखे शेकडो झुबके हलत असतात आणि प्रत्येकाला विषारी दंश. दुसरा मासा शिवला की संपला. पण त्यात पाच नारिंगी मासे राहतात, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि त्यांना काही होत नाही. त्यांच्या अंगावर चिकट थर असतो, त्यामुळे फूल त्यांना आपलंच समजतं, असं साहेब सांगत होते.

दिसायला खेळण्यातले, पण काय तो माज! काच पुसताना हात फुलाजवळ गेला तर सगळ्यांत मोठीने करंगळीला चावा घेतला. बोटभर जीव आणि ही अंगावर धावून येते. मोठी ती मादी, घराची मालकीण. तिच्याहून लहान तिचा नर. उरलेले तीन एकापेक्षा एक छोटे. त्यांना ना पिल्लं होणार ना अधिकार, नुसतं रांगेत थांबायचं. मालकीण मेली तर नर स्वतःच मादी होतो आणि तिसरा त्याचा नर होतो. हे ऐकून मी इतकी हसले की साहेबांचे कान लाल झाले.

ठकीने विचारलं की ही त्यांची मुलं का. साहेब म्हणाले, नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि भलत्याच फुलात शिरतात. एका फुलात राहणारे कोणी कोणाचे नसतात. ठकीने ते वहीत लिहून घेतलं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

दर सोमवारी इथे मापं घेतात. आधी काचेला पट्टी लावून माशांची, मग आमची, सगळी एकाच वहीत. बाई शहाण्णव, साहेब सत्याहत्तर, पंपकाका एकसष्ट, मी एकोणपन्नास, ठकी बत्तीस. टेबलावर बसायचंही त्याच क्रमाने आणि भांडं फिरायचंही तसंच. आमच्यापर्यंत येतं तेव्हा तळाचा भात असतो, पण पोटभर असतो. तक्रार नाही.

एक मात्र विचित्र आहे. पंपकाकांनी दुसरं अंडं घ्यायला हात पुढे केला, तर बाईंनी दात वाजवले. टक-टक, अगदी स्पष्ट. काकांनी हात मागे घेतला, मान खाली घातली आणि ती मान थरथर हलली, थंडी वाजावी तशी. साहेबांचीही हलली. ठकी टेबलाखालून मला चिमटे काढत होती, हसू आवरेना. सासूबाई परवडल्या म्हणायच्या, त्या निदान तोंडाने बोलायच्या.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज दोन गोष्टी झाल्या.

चौथा मासा गेला. काल मापात तो तिसऱ्याच्या फार जवळ आला होता. बाई नुसत्या 'हं' म्हणाल्या होत्या. आज तिसरा नि मालकीण दोघांनी मिळून त्याला फुलाबाहेर हाकललं. परत आला की चावे, परत आला की चावे. पाण्यातून त्यांच्या दातांची टकटक काचेबाहेर ऐकू येत होती. तासाभराने तो दमून प्रवाळाला टेकला आणि खडकातल्या जाड ओठांच्या माशाने त्याला घेतलं. संपूर्ण, एका घासात. मी साहेबांना म्हटलं जाळी द्या, काढते त्याला. ते म्हणाले, बाईंना विचारा. बाई म्हणाल्या, खालच्याने वरच्याच्या पाच भागांतले चार भागच असावं, म्हणजे वरच्याला भीती वाटत नाही आणि घर शांत राहतं. शहाणा मासा स्वतःच कमी खातो. हा अधाशी निघाला.

दुसरी गोष्ट नळाच्या जाळीत सापडली. पुरुषाचा बूट, केंद्राचा, आम्हाला दिलेत तसलाच जड तळव्याचा. नाडी अजून बांधलेली होती, दुहेरी गाठ मारून. मी तो पंपकाकांना दाखवला. त्यांनी तो घेतला आणि परत समुद्रात टाकला. मग म्हणाले, माझ्या जागी आधी एक माणूस होता. त्याचं वजन वाढलं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

ठकीचा झगा गुडघ्याच्या वर गेलाय. खाऱ्या हवेने म्हणा, भाताने म्हणा, पोर दुधी भोपळ्यासारखी वाढतेय. काट्यावर सदतीस भरली. मला कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, तुमचे चार भाग म्हणजे एकोणचाळीस. दोन किलो उरले.

मी थट्टा समजले. हसले. कोणीच हसलं नाही. बाईंनी अगदी मायेने समजावलं की या घरात हा एकच नियम आहे, आणि ज्याला जमत नाही त्याला फाटकाबाहेर जावं लागतं, लगेच, तेव्हा भरती असो की ओहोटी. मी म्हटलं, अहो, लहान मूल आहे ते! त्या म्हणाल्या, म्हणून तर आधी सांगितलं.

दुपारी ट्रंक भरायला घेतली. मग ऑफिसातून दिरांना फोन केला. ते म्हणाले, ठकीची खोली रंगवून तयार आहे. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, तुझं तू बघ. ट्रंक पुन्हा रिकामी केली. वर्षअखेर काय, आठ आठवड्यांवर आली. तेवढे काढायचे, मग कागदावर छप्पर दाखवता येईल आणि मग बघू या बाईकडे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ठकीला अर्धं अंडं. दूध बंद. भाताचे चार घास, पाचवा मागितला तर मी डोळे वटारते. आज तिने पातेल्यातली खरवड खाल्ली म्हणून पाठीत धपाटा घातला. तिच्याच भल्यासाठी ना! रडली नाही. वहीत काहीतरी लिहीत बसली.

तिचं उरलेलं अर्धं अंडं मी खाल्लं. टाकायचं कशाला. आणि खोटं का लिहू, मी जेवढी भरेन तेवढी तिला जागा मिळेल, हेही डोक्यात होतं.

लहानपणी ऐकलेली ती माकडिणीची गोष्ट आठवली. हौदात पाणी चढत जातं, माकडीण पिल्लाला डोक्यावर घेते आणि नाकात पाणी गेल्यावर त्यालाच पायाखाली घेऊन उभी राहते. ज्याने रचली त्याला मूल नसणार.

सोमवार, ११ नोव्हेंबर

ठकी पस्तीस. जीव भांड्यात पडतोय तोच पंपकाका काट्यावर चढले. आठवडाभर ताप होता त्यांना. एकसष्टचे छप्पन्न.

छप्पन्नचे चार भाग पंचेचाळीस. मी पन्नास.

म्हणजे मीच जास्त. बाईंनी टक केलं आणि माझी मान, देवाशपथ, माझी मान आपोआप हलली. ठकीने पाहिलं. बाई म्हणाल्या, मधे लोंबकळता येत नाही. एकतर पुढच्या सोमवारपर्यंत खाली उतरा, नाहीतर त्यांना मागे टाका. मागे टाकलंत तर ती जागा तुमची.

आठवड्यात पाच किलो कसे उतरवू? आणि मी उतरले की ठकीने आणखी उतरायचं. तिच्या बरगड्या मोजता येतात आताच.

पंपकाकांचं ताट त्यांच्या खोलीत पोचवायचं काम माझ्याकडे आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जिन्याच्या वळणावर थांबून खाते. आधी अंडं, मग भात. त्यांना पेज नेऊन देते आणि सांगते की तापात हेच बरं. ते हात जोडतात. काल म्हणाले, तू होतीस म्हणून, नाहीतर कोण बघतंय.

आज वर पाहिलं तर ठकी कठड्याशी उभी. किती वेळ होती कोण जाणे. मी तोंड पुसलं. तिला म्हटलं, मोठ्यांच्या गोष्टीत लक्ष घालू नये. ती म्हणाली की ती फक्त बघतेय.

सोमवार, १८ नोव्हेंबर

मी बावन्न. पंपकाका पन्नास.

बाईंनी फाटक उघडलं. सकाळची भरती होती, बांध दिसतही नव्हता. काका सगळं माहीत असल्यासारखे पायरीवर बसले आणि पाय पुढे केले. बाई म्हणाल्या, इथली रीत आहे. जो जागा घेतो, त्याने जाणाऱ्याच्या नाड्या बांधून द्यायच्या, घट्ट, बांधावर शेवाळ असतं. मी वाकले. एक फास, दुसरा फास, वरून पुन्हा एक. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठेवायला नको होता.

फाटकाला कडी साहेबांनी लावली. पलीकडून थोडा वेळ ठोकल्याचं ऐकू येत होतं.

दुपारी मी तिसऱ्या खुर्चीत बसले. भांडं माझ्याकडे आलं तेव्हा भात गरम होता. लाज वाटायला हवी होती. भूक लागली होती.

शनिवार, २३ नोव्हेंबर

टाकीतही असंच चाललंय. चौथा गेल्यापासून छोटा वाढतोय, महिन्यात दीडपट. वरची जागा रिकामी झाली की अंगात येतं त्यांच्या, साहेब म्हणाले. एरवी वर्षानुवर्षं तेवढेच राहतात. ठकी रोज मोजते त्याला.

तिला आता पोटभर द्यायला हरकत नाही. एकेचाळीसपर्यंत जागा आहे आणि ती चौतीस. पण काल तिने दुसरं अंडं घेतलं आणि मला एकदम काट्यावरचे पंपकाका दिसले. अंडं मी काढून घेतलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तरीही खाल्लं.

सोमवार, २ डिसेंबर

ठकी एकेचाळीस. दोन आठवड्यांत सात किलो! कुठून? मी देत नाही तर कुठून? झगा काखेत उसवलाय. माझ्या खांद्याला लागते.

गादीखाली कोळंबीची सालं सापडली. खाद्याच्या फ्रिजची किल्ली बाईंकडे असते. म्हणजे बाईंनीच —

जाब विचारला. ठकी म्हणाली, तू काकांची पेज कशी केलीस ते सांग आधी. मी हात उगारला.

तिने दात वाजवले.

टक-टक.

मान हलली माझी. माझ्या पोटच्या पोरीसमोर. थांबवता येईना, किती तरी वेळ.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आता ताटं ठकी वाढते. बाईंनी सांगितलं म्हणून. माझ्या ताटात चार घास. घास उचलला की ती बघते, आणि ती बघते म्हणून गिळत नाही.

तिला जवळ घ्यायला गेले. म्हटलं, चल, थोरल्या काकांकडे जाऊ, घरी, आजच, दोघी. तुझी खोली रंगवलीय. ती म्हणाली, तिथे तुला जागा नाही ना? मग तिथेही एकटीनेच जायचं असेल, तर इथे काय वाईट आहे.

अकरा वर्षांची आहे हो.

सोमवार, ९ डिसेंबर

मी सत्तेचाळीस. ती चव्वेचाळीस. बाई म्हणाल्या, मधे लोंबकळता येत नाही. माझ्याकडे बघून नव्हे. तिच्याकडे बघून.

मला ओरडायचं होतं की तिला नका, तिला पाठवू नका, मी जाते. जाते म्हणाले असते तर — म्हणाले नाही. हेही लिहून ठेवते. नाही म्हणाले.

गुरुवार, १२

ठकी टाकीच्या खोलीत जाऊ देत नाही. दारात उभी राहते. मी जाळी धुते, परत येते. जाळीत आज पंपकाकांचा चष्मा. काडीला दोरा गुंडाळलेला, तोच.

खिशात दगड घालून बघितले. पाच किलो होतात. सोमवारी —

रविवार, १५

ती माकडीण. पिल्लाचं काय झालं ते गोष्टीत असतं. पण पिल्लू पोहायला शिकलं तर? तेही पाण्यात राहून, माकडिणीकडे बघून —

भूक.

सोमवार १६

दगडांचं ठकीनेच सांगितलं. बाईंनी खिसे उलटे केले. सगळ्यांसमोर खणखणले.

त्रेचाळीस. ती सेहेचाळीस.

टक-टक. तिघांची एकदम.

१६, बाहेर

फाटकाच्या पायरीवर. वही पदरात होती. वरून तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी. बांध दिसत नाही.

ठोकलं. खूप ठोकलं. वर टाकीच्या खोलीची गोल खिडकी, तिथे ती. हात केला मी. ती खाद्याचं ताट घेऊन वळली. नारिंगी झगा शिवून घेतलाय तिने, बाईंनी कापड दिलं असणार. छान दिसतो. दिसतो छान.

तिला छप्पर मिळालं. वर्षाच्या आत. दिरांना कुणी कळवाल का, की मुलगी —

दुसरी पायरी.

बूट काढले तर पोहता येईल थोडं. ओढ आहे, पण थोडं. बसली होती ना ती माझ्या पायाशी, मान खाली घालून. केस विस्कटले होते, मी मागे सारले. तिने वर पाहिलं नाही. हात कापले नाहीत तिचे, जराही नाहीत. बापाचे हात. एकदा दाखवलं की —

सुटत नाहीये. ओलं झालंय. नखं गेली.

एक फास, दुसरा फास, वरून पुन्हा